गोविंदाभाऊंची गाडी आणि माझा फेटा

कुणाचीही गाडी रस्त्यात बंद पडली की लोक आधी तिच्या मागे धावतात. गोविंदाभाऊ पुढे जायचे. बॉनेट उघडायचे, धक्का मारायला आलेल्या पोट्ट्यांना हात आडवे करून अडवायचे आणि ओरडायचे, "हात नका लावू तिले! धक्का मारणारे गल्लोगल्ली भेटतात, थांबणारा माणूस दाखवा मले!"

एस.टी.वर ड्रायव्हर होते. निवृत्तीनंतर पोंभुर्ण्यात आमच्या शेजारी राहायचे. मोठ्या मिशा, त्याहून मोठ्या बढाया आणि दारात कार्बोरेटरवाली जुनी पांढरी मोटार. एरवी गुणी गाडी. पण आमच्याकडच्या वैशाखात माणसाचंही डोकं चालत नाही. इंजिन तापलं की पंपातलं पेट्रोल उकळायचं, नळीत वाफ धरायची आणि गाडी गपकन थांबायची. भाऊ त्याला बिघाड म्हणू देत नसत. "बिघडली नाई, दम खाऊन राह्यली. तू खात नाई का?"

बी.एस्सी.च्या पहिल्या वर्षाला मी नापास झालो, तेव्हा सगळं घर मला धक्का मारायला उठलं. धान कापायला चल, दुकानात लाग, कोणी काय, कोणी काय. भाऊ बाबांना म्हणाले, "पोट्टा गरम झाला आहे. थंडा होऊ दे. सुरू होते तो." झालो सुरू. आमच्या घराण्यातला पहिला पदवीधर मी. हे मी कुठेही सांगतो, इथेही सांगतो. निकालाच्या दिवशी भाऊंनी जाहीर केलं, "याची वरात माह्याच गाडीत जाईन."

लग्न ठरलं आरमोरीला, ऐन मे महिन्यात. सासरचे एसी गाडी पाठवतो म्हणाले. मी नको म्हटलं. भाऊंच्या गाडीत वरात म्हणून गावानं आधीच हसून घेतलं होतं. निघताना भाऊ हळूच म्हणाले, "बाबू, आज ही पोचली नाई, त हिच्यात पुन्हा कोणी नवरदेव बसत नाई."

मूल गावाच्या पुढे, जंगलात, गाडी थांबली.

मागच्या मेटॅडोरमधून वऱ्हाडी उड्या टाकत आले. भाऊ आडवे आले. मग मीच सगळ्यांना समजावलं, की पंपात पेट्रोलऐवजी वाफ भरली आहे, धक्क्यानं ती काही पुढे सरकायची नाही. "ऐका! बी.एस्सी. बोलून राह्यली," भाऊ मिशीवरून हात फिरवत म्हणाले. मग माझ्या डोक्याकडे पाहून, "काढ."

"काय?"

"फेटा. एवढं लांब सुती कापड आणखी कोणापाशी आहे इथी?"

पिण्याच्या पाण्याच्या कॅनमध्ये माझा केशरी फेटा बुडाला आणि पंपाला, नळीला गुंडाळला गेला. नवरीच्या मामांचा फोन आला, "गाडी पाठवू का?" भाऊंनी फोन हिसकावला. "पाठवा ना. माणसं न्याले नाई, मठ्ठा आणाले. वरात मोहाच्या झाडाखाली बसली आहे."

थोड्या वेळानं त्यांनी किल्ली फिरवली. नुसती घरघर. भाऊंचा चेहरा उतरलेला मी त्या दिवशी पहिल्यांदा पाहिला. "लावू का हात, भाऊ?" कोणीतरी विचारलंच. भाऊंनी फेटा पुन्हा भिजवला आणि पंपापाशी उभे राहिले, तापलेल्या लेकराजवळ उभं राहावं तसे. पुन्हा किल्ली. गाडी खोकली, थरथरली, लागली!

मठ्ठा घेऊन आलेली एसी गाडी आमच्या मागेमागे आरमोरीत शिरली. मांडवाच्या दारात नवरीच्या आत्याबाईंनी कपाळाला हात लावला. "नवरदेव बोडकाच आला काऊन?"

"बोडका कुठी, बाई? फेटा बॉनेटमंधी आहे," भाऊ म्हणाले.

आतून नवरी खळखळून हसली. माझ्या हिशेबी लग्न तिथेच लागलं.

फेटा भाऊंनी परत दिला नाही. "तो आता तिचा मान." त्यानंतर तालुक्यातले कितीतरी नवरदेव त्या गाडीतून गेले, आणि फेटा तेवढा घट्ट धरून बसले.

गेल्या चैत्रात भाऊ वारले. स्मशानाच्या वाटेवर विसाव्याला तिरडी टेकवली होती. ऊन चढत होतं. मागून कोणीतरी म्हणालं, "चला, उचला आता."

मी वळून म्हटलं, "धक्का नका मारू. भाऊ दम खाऊन राह्यले."