मिटल्या डोळ्यांनी सांगितलेले सिनेमे

माझी मावशी भित्री नाही, हे आधीच सांगून टाकते. पुढचं वाचून कोणाचा तसा समज व्हायला नको. ती एका शाळेच्या प्रयोगशाळेत मदतनीस होती. बरण्यांमधले बेडूक, विंचू, साप पुसून ओळीनं लावणं हे तिचं रोजचं काम. बरणी फुटली तर आतला साप ती नुसत्या हातानं उचलायची. एकदा शिक्षकांच्या खोलीत उंदीर निघाला, तेव्हा विज्ञानाच्या सरांनी टेबल गाठलं आणि मावशीनं उंदराची शेपटी.

पण सिनेमात कोणी अंधाऱ्या जिन्यावर पाय ठेवला की तिची पाचावर धारण बसायची. "अगं, ते खोटं असतं," मी म्हणायचे. "म्हणूनच," ती म्हणायची, "खरं असेल तर मी झाडू घेऊन उठेन. खोट्याला काय करू?"

अशा बाईनं आयुष्यातले कितीतरी शुक्रवार खून, पाठलाग आणि बंद खोल्या बघण्यात घालवले, ते काकांपायी. काका, म्हणजे तिचे यजमान, लिफ्ट दुरुस्त करायचे. काचबिंदूनं त्यांची नजर हळूहळू गेली. आधी कडा गेल्या, मग मधलंही. एके दिवशी हत्यारांची पेटी सोबतच्या कामगाराला देऊन ते घरी आले आणि खिडकीशी बसले ते बसलेच. कोणाशी बोलणं नाही, दाढी नाही. हे कित्येक महिने चाललं. शेवटी मावशी कावली. "अहो, तुम्हाला हवंय तरी काय?"

"शुक्रवारचा सिनेमा," काका म्हणाले.

थरारपटांचं वेड त्यांना लग्नाआधीपासूनचं. मावशी त्यांच्याबरोबर आधी एकदाच गेली होती आणि मध्यंतरातच घरी परतली होती. पण त्या शुक्रवारी तिनं पर्स उचलली, काकांचा हात आपल्या कोपरावर ठेवला आणि निघाली. शेवटच्या रांगेत, भिंतीकडच्या कोपऱ्यात दोघं बसली आणि ती त्यांच्या कानाशी सिनेमा सांगू लागली. "आता ती दिवा लावतेय. लागत नाही. खोलीत कोणीतरी आहे बहुतेक." पुढच्या रांगेतला गृहस्थ वळून म्हणाला, "बाई, आम्हाला दिसतंय." मावशी म्हणाली, "मग तुम्हाला कोण सांगतंय?"

तिसऱ्या खुर्चीवर मी. माझी आई लवकर गेली, तेव्हापासून मी मावशीकडेच वाढले. सिनेमात माझं काम पॉपकॉर्न धरण्याचं.

काकांनी या सिनेमांची आपली आपण वर्गवारी करून ठेवली होती. 'कोणी केलं' या जातीचे सिनेमे त्यांना कमी प्रतीचे वाटायचे. शेवटच्या पाच मिनिटांसाठी अख्खा सिनेमा बसून काढायचा, आणि एकदा कळलं की पुन्हा बघण्यात राम नाही. 'धावाधाव' त्यांना नकोच, कारण त्यात मावशीला सांगायला काही नसायचं: "पळतायत... अजून पळतायत... आता गाडीतून पळतायत." एका सिनेमात लिफ्टची तार तुटून लिफ्ट दहा मजले कोसळली. अख्खं थिएटर जीव मुठीत धरून बसलं होतं आणि काका एकटेच खो खो हसत होते. "अरे, तार तुटली तर ब्रेक बाजूच्या रुळांना आपोआप पकडतो, लिफ्ट पडत नाही! त्या बिचाऱ्या मेकॅनिकची नोकरी घालवाल!"

त्यांचा जीव होता तो 'आपल्याला माहीत, त्याला नाही' या जातीवर. पलंगाखाली कोण लपलंय ते आपल्याला माहीत असतं, पलंगावर बसून मोजे काढणाऱ्याला नसतं. "तेव्हा ऐक थिएटर," ते म्हणायचे. "तीनशे अनोळखी माणसं एकदम श्वास रोखतात. असं दुसरीकडे कुठे ऐकायला मिळतं? आणि तिथे मी एकटाच अंधारात नसतो, सगळेच असतात."

मी एकदा विचारलं, पैसे देऊन घाबरायला माणसं येतात तरी कशाला? ते म्हणाले, "न सांगता आलेली भीती माणसाला मोडते. तिकीट काढून आलेली भीती सोसवते. दिवे लागणार हे ठाऊक असतं ना."

आता मावशीची चोरी सांगते. ऐन भयंकर क्षणी ती डोळे घट्ट मिटून घ्यायची. पडद्याच्या उजेडात मला स्वच्छ दिसायचं. तोंड मात्र थांबायचं नाही. "तिनं कडी घातलीय हं. आता काही भीती नाही," असं ती खुशाल सांगायची, आणि पडद्यावर त्या बाईचा मुडदा पडलेला असायचा. घरी आल्यावर काका विचारायचे, "कडी घातली होती, मग मेली कशी?" "खिडकीतून आला असेल मेला!" मावशी ठसक्यात सांगायची. काका हसायचे. मीही तोंड उघडलं नाही. दोघांचं छान चाललं होतं.

मग काकांचा घसा बसला.

काढे झाले, वाफारे झाले, गोळ्या झाल्या. आवाज दिवसेंदिवस खरखरीत होत गेला. मोठ्या दवाखान्यात घशात नळी घालून बघितलं, तुकडा काढून तपासायला दिला. निकालाच्या दिवशी काकांना आत नर्सजवळ बसवून डॉक्टर बाहेर आले. बाकावर मावशी, मी आणि काकांचे मोठे भाऊ होतो. या भाऊंना मी मनात सल्लागार म्हणते. न मागता सल्ला देण्यात त्यांचा हात धरणारं कोणी नाही.

डॉक्टर सरळ बोलले. गाठ वाईट आहे. आवाजाची पेटीच काढावी लागेल. काढली तर माणूस वाचेल, तशी चांगली आशा आहे. नाही काढली तर फार दिवस नाहीत. पण आवाज जाईल, कायमचा. "त्यांना नीट समजावून सांगा, आणि शनिवारी दाखल करा."

डॉक्टरांची पाठ वळताच सल्लागारांनी मावशीला बाजूला घेतलं. "हे बघ, झाकली मूठ सव्वा लाखाची. डोळे गेले तेव्हा तो कसा बसला होता, विसरलीस? आता आवाज जाणार म्हटलंस तर तो साफ नको म्हणेल. मग बस हात चोळत. छोटीशी गाठ काढायचीय म्हणून सांग. शुद्धीवर आल्यावर बघू."

मला त्या माणसाचा संताप आला. त्यांचं म्हणणं अगदीच खोटं नव्हतं, म्हणून तर जास्त आला. मावशीची गत धरलं तर चावतं, सोडलं तर पळतं अशी झाली. सांगावं तर नवरा जीव सोडायला तयार होईल. न सांगावं तर तो जागा होईल, डोळ्यांपुढे नेहमीचा अंधार असेल, हाक मारायला तोंड उघडेल आणि आवाजच निघणार नाही.

घरी आल्यावर ती म्हणाली, "छोटीशी गाठ आहे. शनिवारी काढली की झालं."

"बरं," काका म्हणाले. पुढे म्हणाले, "शनिवारी दाखल व्हायचं ना? मग शुक्रवारचा सिनेमा बुडवायला नको."

स्वयंपाकघरात मी तिला धारेवर धरलं. "कसं गं करवतं तुला हे? जागे झाल्यावर ते..."

"गप्प बस!" तिनं हातातलं भांडं ओट्यावर आपटलं. नळ बंद केला. मग म्हणाली, "सांगते. सिनेमाच्या आधी सांगते."

आधी नाही सांगितलं. वाटेत नाही, तिकिटाच्या रांगेत नाही. माझ्याकडे न बघता पुटपुटली, "मध्यंतरात." सिनेमा नेमका काकांच्या आवडत्या जातीचा निघाला आणि मला एक अक्षर धड ऐकू येईना. मध्यंतरात दिवे लागले. काकांच्या हातात चहाचा कप होता, चेहरा तिच्याकडे वळलेला होता. मावशीनं तोंड उघडलं आणि विचारलं, "पॉपकॉर्न हवं का?"

दिवे गेले. आता उरलेला सिनेमा, घर, झोप, आणि सकाळी दवाखाना.

पडद्यावर एका घरात चोर शिरला होता. त्यानं घरातल्या बाईला बजावलं होतं, नवरा आल्यावर एक शब्द वावगा बोललीस तर त्याचा जीव घेईन. मग तो दाराआड सुरा घेऊन उभा राहिला. नवरा आला.

"बूट काढतोय," मावशी कुजबुजली. "जेवायला बसला. दाराकडे त्याची पाठ आहे. ती हसून वाढतेय. तिचा हात थरथरतोय, तिनं तो टेबलाखाली घेतलाय." पडद्यावरची बाई नवऱ्याला दिवसभराच्या गमती सांगत होती. थिएटरात कोणी पॉपकॉर्नसुद्धा चावत नव्हतं. दाराची फट रुंदावू लागली.

मी मावशीकडे पाहिलं. डोळे गच्च मिटलेले.

"दार बंदच आहे," ती म्हणाली. "गेला वाटतं तो मागच्या मागे. काही नाही हो आता, सगळं ठीक आहे."

तीनशे माणसांचा श्वास एकदम अडकला.

"डोळे उघड," काका म्हणाले.

"उघडेच आहेत."

"मिटलेले आहेत. पहिल्या सिनेमापासून तू असंच करतेस." त्यांचा आवाज खरवडून निघत होता, एकेक शब्द ओढून आणावा लागत होता. "तू डोळे मिटलेस की तुझा आवाज गोड होतो. पोराला औषध पाजताना होतो, तसा. सिनेमात मी चालवून घेतलं, मला मजा यायची. पण दवाखान्यातून आल्यापासून तुझा आवाज तसाच आहे. उठल्यापासून निजेपर्यंत गोड." ते थांबले. "आता डोळे उघडे ठेवून सांग."

मावशीनं डोळे उघडले. पडद्याकडे पाठ करून ती त्यांच्याकडे वळली आणि सिनेमा सांगायची त्याच कुजबुजीत सांगू लागली.

"डॉक्टर बाहेर आला. त्यानं चष्मा काढला, पुसला. तो चांगला स्वच्छ होता, तरी पुसत राहिला. तेव्हाच मला कळलं. मग म्हणाला, गाठ वाईट आहे. नुसती गाठ नाही, आवाजाची पेटीच काढायची. काढली तर तुम्ही वाचाल. आवाज जाईल. पुन्हा येणार नाही."

पडद्यावर किंकाळी फुटली. सगळं थिएटर खुर्चीतून उडालं, मीही उडाले, पॉपकॉर्न सांडलं. ती दोघं तेवढी हलली नाहीत.

"भाऊ म्हणाला असेल सांगू नको."

"हो. पण ठरवलं मी. मला वाटलं, तुम्ही नको म्हणाल."

"म्हणेनही."

मावशी रडू लागली. तोंडात रुमाल कोंबून, आवाज न करता. मला त्या क्षणी दोघांचाही राग आला, आणि इतकी माया दाटून आली की काय करावं कळेना. म्हणून मी सांडलेलं पॉपकॉर्न वेचत बसले. सिनेमा संपला. दिवे लागले. माणसं हसत, एकमेकांना चिडवत, 'तू किती घाबरलास' म्हणत बाहेर पडली. काका उठेनात. झाडूवाला रांगा झाडत आमच्या पुढच्या रांगेपर्यंत आला.

"तिकीट न देताच अंधार करणार होतीस माझ्यावर," काका शेवटी म्हणाले.

"चुकलं माझं."

"आता दिलंस." त्यांनी चाचपून तिचं मनगट शोधलं आणि त्यावर नखानं एक टिचकी मारली. जोरात. मावशी कळवळली. "ही लक्षात ठेव. पुढच्या सिनेमात मला ओरडता येणार नाही. डोळे मिटलेस की ही बसेल."

दुसऱ्या दिवशी ते दाखल झाले. बाहेरच्या बाकावर सल्लागार मला सांगत होते, बघ, मी म्हटलं होतं सगळं सुरळीत होईल. मी उठून पाणी प्यायला गेले.

काका वाचले. गळ्याला धरून बोलायचं एक यंत्र त्यांना मिळालं. त्यातून घुर्र घुर्र करत सपाट, माणसाचा न वाटणारा आवाज निघतो. घरी ते वापरतात. थिएटरात एकदाच वापरलं. पडद्यावर काळोख्या तळघरात मुलगी एकटी चालली होती, आणि ऐन शांततेत काकांनी त्या यंत्रातून विचारलं, "आता काय?" पुढच्या रांगेतली बाई अशी किंचाळली की सिनेमावाल्यांना तेवढी किंकाळी जन्मात जमली नसती. काका आठवडाभर खूश होते. इतकी वर्षं पैसे देऊन घाबरत आलो, म्हणाले, आज वसूल केले.

तेव्हापासून यंत्र मावशीच्या पर्समध्ये बंद असतं. परवाच्या शुक्रवारीही होतं. पडद्यावर कपाटाचं दार हळूहळू उघडू लागलं आणि मावशीचा आवाज गोड व्हायला लागला. "कपाट रिकामंच आहे हं..."

टिचकी वाजली. मला माझ्या खुर्चीपर्यंत ऐकू आली.

मावशीनं डोळे उघडले. "नाही हो," ती म्हणाली. तिचे दात वाजत होते. "आत माणूस आहे."