दिवाळसण आणि डावा कान

मी पखवाज वाजवतो. नोकरी कुडाळला कचेरीत, पण गावात माझी ओळख पखवाजवाला अशीच. पेटीचा सूर धरायचा, डाव्या तोंडाला कणीक लावायची, उजव्या तोंडाच्या कडेला हातोडीने ठोकत तो सूर जुळवायचा. सगळं कानाचं काम. हात थकले तर पोरांना शिकवून भागवता येतं, कान गेला की खेळ खलास.

लेकीचं लग्न उन्हाळ्यात झालं आणि जावई पहिल्या दिवाळीला पुण्याहून आले. मोठे हौशी. मला न विचारताच त्यांनी तारकर्लीला स्कुबाचं बुकिंग केलं, स्वतःचं आणि माझं. मी जन्मभर समुद्राकाठी राहिलो, पण त्याचा तळ बघावा असं मला कधी वाटलं नव्हतं. त्यात नाक चोंदलेलं. पण दिवाळसणाला आलेल्या जावयाला नाही म्हणणार कोण? बायकोने तर माझा टॉवेलसुद्धा पिशवीत भरून ठेवला होता.

होडीवर पाण्यात नेणाऱ्या माणसाने विचारलं, सर्दी वगैरे नाही ना? जावई माझ्याकडेच बघत होते. मी नाही म्हटलं. कानाला दडा बसला तर नाक दाबून हळू फुंका, दुखलं तर कानाकडे बोट दाखवा, असं त्याने दोनदा समजावलं.

फार खोल गेलो नव्हतो, माडाच्या निम्म्या उंचीइतके असू. डावा कान आतून कोणीतरी दाबत होतं. मी नाक धरून फुंकलं, काही सुटेना. बोट कानाकडे नेलंच होतं, तेवढ्यात जावई कॅमेऱ्यासमोर हात हलवताना दिसले आणि मीही मुकाट्याने बोटांचं गोल कडं करून सगळं ठीक असल्याची खूण केली. आणखी थोडं खाली गेलो आणि कानात काहीतरी फाटलं. गार पाणी डोक्यात शिरल्यासारखं झालं. समुद्र गरगर फिरायला लागला, वर कुठे आणि खाली कुठे कळेना. मी मरतोय असं वाटलं, आणि तोंडात नळी असल्यामुळे ते कोणाला सांगताही येईना. त्या माणसाचा दंड मी असा धरला की त्याने मला ओढतच वर आणलं.

होडीत जावई काही विचारत होते. त्यांचा आवाज फक्त उजवीकडून येत होता.

घरी मी थकलो एवढंच सांगितलं. बायकोला ते पटलं नाही. तिने खोबरेल तेलात लसूण कढवली. आमच्याकडे कानाला दुसरं औषध नाहीच. ‘‘आडवे पडा. दोन थेंब घालतंय, बरा वाटतला.’’ ते थेंब आत उतरले मात्र, खोली पुन्हा फिरली. मी खाटेचा पाय घट्ट धरून ओकलो. जावई दारात पांढरेफटक उभे होते. तेव्हा मला खरी भीती वाटली.

कुडाळच्या कानाच्या डॉक्टरांनी आधी तेलावरून बायकोला झापलं. पडदा फाटलाय, तो भरेल म्हणाले. पण मार आतल्या कानालाही बसलाय, गोळ्या देतो, बाकी बघूया. त्या बघूयाने माझी झोप उडवली.

मग रोज सकाळी जाग आली की मी उजवा कान उशीत दाबायचो आणि डाव्याने घर ऐकायचो. एक बारीक शिटी सोडली तर काही नाही. बायको स्वयंपाकघरात असायची आणि मला घर रिकामं वाटायचं. एके दिवशी मात्र पातेल्यावर झाकण आपटलेलं ऐकू आलं. मी इतका खूश झालो की तसाच उठून पेटी काढली. एकच पट्टी दाबून धरली, आधी डावा कान झाकून, मग उजवा. डाव्यात आला तो वेगळाच सूर होता, थोडा चढा. पुन्हा दाबली, पुन्हा तेच. बहिऱ्या कानाची भीती मला माहीत होती. हा ऐकत होता आणि खोटं ऐकत होता.

हे मी घरातही बोललो नाही.

जत्रेला देवळात आमचं भजन होतं. बुवा माझा लहानपणापासूनचा दोस्त. त्याने सूर दिला. मी हातोडी घेतली, ठोकलं, ऐकलं, परत ठोकलं. डाव्या कानात बोट घालून बघितलं, तरी खात्री होईना. झांजवाले थांबले होते, लोक सरसावून बसले होते.

‘‘सूर लागलो मा?’’ बुवाने विचारलं. इतक्या वर्षांत याला माझं उत्तर एकच, हो.

‘‘माका कळणा नाय,’’ मी म्हटलं. ‘‘तू सांग.’’

बुवाने पेटीवरची बोटं उचलली. माझ्या हातातली हातोडी घेतली आणि पखवाज आपल्याकडे ओढला.