कॅमेऱ्याच्या पुढचा रस्ता

त्या सोमवारी पिकअप तलावावर पोचली तेव्हा ड्रमांतलं अर्धं मत्स्यबीज मेलं होतं. मारोतीकाकांनी ते ओंजळीनं काढून तलावाच्या पाळीवर, बांधावर ठेवलं. आमच्या मच्छीमार सोसायटीतल्या घरांचं वर्षाचं पोट त्या बीजावर होतं.

बीज आणायचं काम काकांचं. गाडीच्या मागं ड्रमांजवळ बसून ते वाटभर हातानं पाणी हलवायचे. पाणी थांबलं की पिल्लं गुदमरतात. ऊन चढायच्या आत पोचायचं, म्हणून पूर्वी तेच चालकाला ओरडायचे, "दाब." अशाच एका खेपेत भाताच्या रोवणीहून परतणारी बाई गाडीखाली आली. तिचा पाय गेला. "गाडी त्याच्या हातात होती, तोंड माहं होतं," एवढंच काका म्हणायचे.

म्हणून वेग मोजून चालान पाठवणारा कॅमेरा ग्रामसभेत त्यांनीच मागितला. पोरं हसली. एकानं विचारलं, "काका, गाडीत बाळंतीण असली तरी चालान फाडन का तो?"

"फाडन. मंग जाऊन सांगजो, बाळंतीण होती म्हणून. कोणाचा पाय गेल्यावर काय सांगशीन?"

कॅमेरा लागला. त्या सोमवारी सोसायटीचा सचिव म्हणून मी काकांसोबत मागं बसलो होतो. कुरखेड्याच्या अलीकडं ढग पांगले, पाणी तापू लागलं. कॅमेऱ्यापाशी चालक सुधाकरनं गाडी हळू केली आणि कॅमेरा मागं पडल्यावर खिडकीतून विचारलं, "कॅमेरा सरला, काका. दाबू?"

"लोकं नाई सरले. चाळीसनंच चाल."

पिल्लं वर येऊन तोंडं उघडू लागली. काका दोन्ही हातांनी पाणी घुसळत होते. मी म्हणालो, "काका, मरून राह्यले ना. दाबू द्या त्याले."

"दिसून राह्यलं मले."

"सोसायटीले काय सांगू?"

"सांगजो, मारोतीनं मारले."

कडेनं रोवणीच्या बाया चालल्या होत्या. एकीनं हात केला. काकांनी मान हलवली. हात पाण्यातून काढले नाहीत.

सभेत कोणी भांडलं नाही. "पुढच्या साली कॅमेऱ्यालेच बीज आणाले धाडा," एक जण म्हणाला, आणि लोक हसले. बीज आणण्याचं काम काकांकडून काढून घेण्याचा ठराव झाला. गाडीत मी काय म्हणालो होतो, ते त्यांनी तिथं सांगितलं नाही. मीही सांगितलं नाही.

यंदा पोळ्यानंतर काका तापानं गेले.

आता बीज सुधाकर आणतो. कॅमेऱ्यापुरती गाडी हळू करतो. तो ठराव सोसायटीच्या वहीत माझ्या अक्षरात आहे.