पानाच्या माथ्यावर कुणाचं नाव

भूकंपात आमचं घर पडलं तेव्हा मी शाळकरी होते. घरातली माणसं वाचली. गल्लीतल्या पुष्कळांच्या नशिबी तेवढंही नव्हतं. पुढची शाळा पत्र्याच्या शेडात झाली. शेडच्या दारावर निळ्या रंगात नंबर टाकलेला असायचा आणि गाडीतून येणारे साहेब लोक आम्हाला त्या नंबरानंच हाक मारायचे. दहावी झाल्यावर वडिलांनी मला लातूरला मावशीकडे आणून सोडलं. तिथं कॉमर्स केलं, टायपिंग केलं, मग कॉम्प्युटरचा कोर्स केला.

तोवर लातूरचं रूपच पालटलं होतं. निलंगा, अहमदपूर, लोहा, कुठून कुठून एसटी भरभरून मुलं डॉक्टर-इंजिनिअर व्हायच्या तयारीला यायची. ज्या घरात जादाची एक खोली होती तिथं चार कॉट पडल्या. दर गल्लीत मेस, दर जिन्यावर क्लासची पाटी. अशाच एका क्लासमध्ये मला ऑपरेटरची नोकरी लागली. क्लास सरांचा होता. सर फिजिक्स शिकवायचे, मूळचे नायगावकडचे शेतकरी घरातले, आणि कामाला वाघ.

माझं मुख्य काम टेस्टचे रिपोर्ट काढायचं. दर पंधरवड्याला टेस्ट व्हायची. मार्क भरले की नांदेडच्या एका माणसानं बनवून दिलेल्या सॉफ्टवेअरमधून प्रत्येक मुलाचा दोन पानी रिपोर्ट निघायचा. पानाच्या वरच्या पट्टीला हेडर म्हणतात आणि खालच्या पट्टीला फूटर, हे मला तिथंच कळलं. आमच्या हेडरमध्ये क्लासचं नाव, मुलाचं नाव आणि वडिलांचं नाव असायचं, सगळं इंग्रजीत. फूटरमध्येही इंग्रजीतच एक ओळ असायची. कागद कॉम्प्युटरनं काढला आहे, सहीची गरज नाही, असा तिचा अर्थ. मधला मजकूर दरवेळी बदलायचा. वरच्या आणि खालच्या पट्टीकडे कुणी बघायचंही नाही.

पालकांना भेटायचा दिवस रविवार. अशा एका रविवारी एक बाई जिना चढून वर आल्या. डोक्यावर पदर, हातात कापडी पिशवी. त्यांची मुलगी आमच्याकडे अकरावीत होती, हुशार आणि अबोल.

"ताई, माझ्या पोरीचा कागद द्या," त्या म्हणाल्या.

मी गठ्ठ्यातून काढून दिला. त्यांनी तो वरून खाली पाहिला, उलटा करून मागची बाजू पाहिली.

"ह्यो तिचाच हाय का?"

"हो. हे बघा, वर तिचं नाव आहे."

"इंग्रजीत हाय. मला मराठी वाचता येतंय. शेडात ऱ्हात हुतो तवा बायांचा वर्ग भरायचा, तिथं शिकले. सही बी करते, अंगठा न्हाई लावत." मग त्यांनी दुसऱ्या ओळीवर बोट ठेवलं. "आन् हितं काय लिवलंय?"

"वडिलांचं नाव."

त्यांचं बोट तिथंच राहिलं. त्या नावाआधी इंग्रजीत 'लेट' छापलेलं होतं, म्हणजे कैलासवासी. मला ते वाचून दाखवायची हिंमत झाली नाही.

"तिचा बाप भूकंपात गेला," त्याच म्हणाल्या. "पोरगी ह्यो कागद घरी आनतच न्हाई. इचारलं की म्हनती, तुला काय कळतंय त्यातलं. म्हनून म्या आज सोता आले. ताई, जितं मानूस म्या हाय. माझं नाव कुठं हाय ह्याच्यात?"

"नाही मावशी. त्यात ती जागाच नाही."

"जागा कोन करतंय?"

 मी त्यांना खुर्ची दिली, विषयवार मार्क मराठीत समजावून सांगितले, आणि "बघते मी," असं म्हणाले. असं आपण दहा जणांना म्हणतो. पण त्या निघून गेल्यावरही मी तो हेडर बघत बसले आणि मनात पक्कं केलं की हे आता बदलायचंच.

दुसऱ्या दिवशी मी सरांच्या केबिनमध्ये गेले. "सर, रिपोर्टचा हेडर बदलायचा आहे."

"मी सांगितलंच होतं," सर खूश होऊन म्हणाले. "गेल्या वर्षीच्या टॉपरचे फोटो टाका वर."

"फोटो नाही सर. कागद घरी जो बघतो त्याचं नाव टाकायचं आहे, मराठीत. आणि खाली त्याच्या सहीला जागा."

सरांनी पेन खाली ठेवलं. "मॅडम, लोकांना इंग्रजी कागद हातात पडला की बरं वाटतं. मराठीत दिला तर झेडपीच्या शाळेचं प्रगतिपुस्तक वाटेल."

"सर, तुमचं प्रगतिपुस्तक घरी कोण बघायचं?"

 "आई," ते म्हणाले. "पण तिला वाचायला येत नव्हतं."

"या बाईंना येतं."

"आणि सॉफ्टवेअर बिघडलं तर? परवा टेस्ट आहे."

"बनवणाऱ्याकडूनच शिकून येते. एका बॅचचे काढून दाखवते. नाही आवडले तर जुनं आहेच."

"तुमच्या रजेत जा," सर म्हणाले. मला तेवढं पुरेसं होतं.

सरांकडे जाण्याआधीच मी नांदेडला त्या सॉफ्टवेअरवाल्याला फोन केला होता. तो माणूस म्हणाला होता, हेडर फिक्स असतो, तुम्हाला जमायचं नाही. म्हणून आता फोन न करताच गेले. सकाळची एसटी धरली. सोबत डबा आणि रिपोर्टचा एक नमुना. त्याचं ऑफिस म्हणजे धान्याच्या मोंढ्याजवळ एका दुकानावरची खोली. आत दोन कॉम्प्युटर आणि जमिनीवर वायरींचा गुंता. माणूस तिशीतला, डोळे लाल झालेले.

"मॅडम, एवढ्यासाठी लातूरहून आलात?" तो म्हणाला. "हेडर फिक्स हाय. सगळ्या क्लासला एकच दिलाय."

"फिक्स केला कुणी?"

"मीच."

"मग मोकळाही तुम्हीच करू शकता."

त्याला हसू आलं. "तसं न्हाई. मी नवीन व्हर्जनचं काम करून राहिलो. मला सध्या मरायला फुरसत न्हाई."

"तुम्ही काही करूच नका. मला दाखवा, मी करते. तो दुसरा कॉम्प्युटर रिकामाच आहे ना?"

त्यानं एक मोठा श्वास सोडला आणि दुसरी खुर्ची ओढून दिली.

रिपोर्टचा आराखडा पहिल्यांदा पडद्यावर उघडला तेव्हा मला गंमत वाटली. छापलेलं पान म्हणजे आडव्या पट्ट्यांची उतरंड होती, आणि प्रत्येक पट्टी खालीवर ओढता येत होती. मी आईच्या नावासाठी एक चौकट सगळ्यात वरच्या पट्टीत टाकली आणि नमुना छापला. नाव फक्त पहिल्या मुलाच्या पानावर आलं. बाकी सगळी पानं बिननावाची.

"तो पूर्ण रिपोर्टचा हेडर हाय," तो आपल्या कामातून मान न काढता म्हणाला. "अख्ख्या गठ्ठ्याला मिळून एकदाच येतो. तुम्हाला पोराचा हेडर पाहिजे. त्याच्या खालची पट्टी. अन् दर पानावर पुन्हा, असं एक बटन हाय, ते दाबा."

दाबलं. आता नाव दोन्ही पानांवर आलं, पण मराठी अक्षरांच्या जागी नुसती वेडीवाकडी चिन्हं. त्या काळी मराठी फॉन्ट म्हणजे मोठी कटकट होती. चौकटीला मराठी फॉन्ट लावून दिला तेव्हा अक्षरं उमटली, पण रफार नाही, वेलांट्यांचे शेंडे नाहीत, मात्रा अर्ध्या.

मी त्याला बोलावलं. तो वाकून बघत राहिला. "हे माझ्या ध्यानातच आलं न्हाई कधी," तो म्हणाला. "पट्टीची उंची इंग्रजीच्या मापानं ठेवलीय ना. वरचा भाग कापला जातोय."

मी पट्टी खाली ओढली आणि रफार दिसला. मला इतका आनंद झाला की मी खुर्चीतून उठलेच. त्यानं चहा मागवला. मग मी डबा उघडला, आम्ही दोघांनी तो खाल्ला, आणि दुपारभर त्यानं मला फूटरही शिकवला. पानाचा आकडा प्रत्येक मुलाला पुन्हा एकपासून कसा सुरू करायचा तेही सांगितलं. निघताना म्हणाला, "मॅडम, आता मला फोन करू नका बरं का," आणि लगेच स्वतःचा दुसरा नंबर लिहून दिला.

लातूरला आल्यावर मी अकरावीच्या एका बॅचमध्ये गेले आणि मुलांना चिठ्ठ्या वाटल्या. तुमचा कागद घरी कोण बघतं, त्यांचं नाव मराठीत लिहा, एवढंच सांगितलं. कुणी वडिलांचं लिहिलं, कुणी आईचं, कुणी आजोबांचं. मामांची नावं बरीच निघाली. एका मुलीनं तर मेसवाल्या काकूंचं नाव लिहिलं. त्या अबोल मुलीनं चिठ्ठी बराच वेळ हातात धरली. मग मला हळूच विचारलं, "मॅडम, वडिलांचं नाव काढून टाकणार का?"

तिच्या आईचं ऐकताना मी हा विचारच केला नव्हता. "तुला काय पाहिजे?" मी विचारलं.

"ते राहू द्या. फक्त ते 'लेट' नको. पोरं विचारतात."

तिनं चिठ्ठीवर आईचं नाव लिहिलं. वडिलांचं नाव तिच्या पूर्ण नावातच होतं, तिथं मी ते मराठीत तसंच ठेवलं. 'लेट' काढून टाकलं, सगळ्याच मुलांचं.

पहिला प्रिंट सरांसमोर काढला तो त्यांच्या केबिनमधल्या मशीनवर, आणि हेडरमध्ये पुन्हा ती वेडीवाकडी चिन्हं. सर माझ्याकडे बघत राहिले. "यासाठी नांदेडला गेला होतात?"

"सर, या मशीनवर फॉन्ट नाही. थांबा." मी खालून फ्लॉपी आणली, फॉन्ट टाकला, पुन्हा प्रिंट काढला. सरांनी कागद घेतला. वर क्लासचं नाव इंग्रजीत होतं, ते मी मुद्दाम तसंच ठेवलं होतं. त्याखाली मराठीत विद्यार्थी, मराठीत पालक. तळाला, 'हा कागद पाहून सही करून परत पाठवा.'

"ठीक आहे," सर म्हणाले. "एक बॅच."

त्या बॅचच्या रविवारी मी गठ्ठा टेबलावर पसरून ठेवला. त्या मुलीच्या आई आल्या. मी उठून कागद काढून देणार होते, पण त्यांनी हातानं मला थांबवलं. एकेक कागद बाजूला सारत, ओठ हलवत त्या वाचत गेल्या. मागे रांग वाढत होती. एका कागदावर थांबल्या, मान वर केली आणि नुसतंच माझ्याकडे बघून हसल्या. मग पेन मागितलं. सही करायला बराच वेळ लागला, पण रांग थांबून राहिली.

सगळ्यांनाच ते आवडलं असं नाही. पुढच्याच आठवड्यात एक गृहस्थ तावातावानं आले. "माझ्या पोराच्या कागदावर पालक म्हनून माझं नाव का न्हाई? मी मेलो का?"

सरांनी माझ्याकडे बोट दाखवलं. मी त्यांना बसायला सांगितलं. "तुमच्या मुलानंच आईचं नाव लिहून दिलंय. आम्ही फक्त छापलं."

"त्यानं?"

"कागद घरी कोण बघतं, असं आम्ही विचारलं होतं."

ते खुर्चीवर बसले. मग म्हणाले, "मी बघतच न्हाई, हे खरं हाय. पर माझं बी टाका. बघत जाईन." मग मी त्या पट्टीत दुसरी ओळ केली. ज्यांना दोन नावं हवी होती त्यांची दोन छापली. त्या गृहस्थांच्या सह्या नंतर खरोखरच यायला लागल्या.

वर्ष संपायच्या आत सगळ्या बॅचचे रिपोर्ट तसे निघू लागले. सर पालकांच्या सभेत ते उंच धरून दाखवायचे, जणू कल्पना त्यांचीच. मला त्याचं काही वाटलं नाही. नांदेडहून नवीन व्हर्जन आलं तेव्हा मात्र माझा अख्खा हेडर पुसला गेला आणि पुन्हा तीच जुनी इंग्रजी पट्टी आली. मी फोनवर त्या माणसाला मनसोक्त बोलले, आणि तीन दिवस बसून सगळं पुन्हा उभं केलं. त्यानंतरच्या व्हर्जनमध्ये त्यानं तशी सोय आधीच करून पाठवली.

ती मुलगी डॉक्टर झाली नाही. मेडिकलला तिला थोडेसेच मार्क कमी पडले. तिनं नर्सिंग केलं, आणि आज ती सोलापूरच्या एका हॉस्पिटलात आहे. आई तिच्याजवळच राहते.

सरांनी पुढं नांदेडला शाखा काढली. तिथले रिपोर्ट बसवून द्यायला मलाच पाठवलं. पहिल्या रविवारी देगलूरकडचे एक आजोबा नातवाचा कागद घेऊन माझ्या टेबलाशी आले. त्यांचं मराठी मोडकंतोडकं होतं, घरात तेलुगू बोलायचे. कागदावर बोट ठेवून त्यांनी हिंदीत विचारलं, "अम्मा, ये हमारे तेलुगू में आता क्या?"

मी म्हणाले, "अजून नाही आजोबा. नाव तेवढं तेलुगूत लिहून ठेवा माझ्याजवळ." आणि त्यांच्यापुढे कोरा कागद सरकवला.