भुऱ्याचा छातीपट्टा

तिसऱ्या दिवशीही भुऱ्या खाटेखाली शिरला आणि छातीपट्टा माझ्या हातातच राहिला. मनगटावर त्याचे दोन दात उमटले होते. गुरुवार होता. रविवारपर्यंत पट्टा चढला नाही तर दिलीप त्याला पोत्यात घालून नागझिऱ्याच्या बाजूला सोडून येणार होता. तिकडे बिबटे आहेत. गावातलं कुत्रं तिथे फार दिवस टिकत नाही, हे दिलीपलाही ठाऊक होतं.

मी तेव्हा गोंदियाला सरकारी गुरांचा डॉक्टर होतो. भुऱ्या मुर्री गावच्या सुमनबाईंचा, दिलीप त्यांचा मुलगा. भुऱ्या पिल्लू असताना दिलीपने त्याच्या गळ्यात पट्टा बांधला आणि तो सैल करायचं राहून गेलं. कुत्रं वाढलं, पट्टा मांसात रुतला, जखमेत अळ्या पडल्या. मी तो कापून काढला, तीन आठवडे ड्रेसिंग केलं, इंजेक्शनं दिली. जखम भरली, पण गळ्यावरची नवी कातडी कांद्याच्या पापुद्र्याइतकी पातळ. दोरी लावली की फाटणार. मोकळा ठेवावा तर हा लाडाने दिसेल त्याच्या अंगावर उडी घेई. आणि माहेरी दवनीवाड्याला बाळंत झालेली सून सव्वा महिन्याचं लेकरू घेऊन रविवारी घरी येणार होती.

"मी काही कसाई नाई, डॉक्टर साब," दिलीप म्हणाला. "पण लेकरावर उडी मारली त मी काय करू?"

मी त्याला रविवारपर्यंत थांबायला सांगितलं आणि हार्नेस शोधायला लागलो.

हार्नेस म्हणजे गळ्यावर ताण न देता तो छातीवर आणि पाठीवर घेणारा पट्टा. गोंदियात तेव्हा मला तो कुठे मिळाला नाही. दप्तरं शिवणाऱ्याकडून नायलॉनच्या पट्ट्यांचा शिवून घेतला. सवय लावायची रीत साधी. आधी पट्टा जेवणाच्या ताटलीशेजारी ठेवायचा. मग पट्ट्याच्या वेढ्यापलीकडे खाऊ धरायचा, म्हणजे जनावर आपणच डोकं घालतं. शेवटी बकल. सुक्या झिंग्यांच्या भातासाठी भुऱ्याने दुसऱ्याच दिवशी डोकं घातलं. अडलं ते बकलाशी. सुमनबाई त्याला धरून म्हणत, "काई नाई होत रे बापू, काई नाई होत." मीही तेच म्हणे. आणि हात बकलाकडे गेला की तो अंगात आल्यासारखा निसटे.

मला वाटलं, बकलाच्या 'खट' आवाजाला भितो. शुक्रवारी बकल काढून नाडी लावली. पुन्हा तेच. त्या दिवशी मला जेवण गेलं नाही. इतक्या खटपटीने वाचवलेलं जनावर दोन दिवसांत बिबट्याच्या तोंडी जाणार, आणि मी डॉक्टर असून एक नाडी बांधू शकत नव्हतो.

शनिवारी सकाळी कामठ्याला लसीकरणाचं शिबिर होतं. जाता जाता मुर्रीला थांबलो. सुमनबाई गुडाखू घासत बसल्या होत्या. गुडाखू म्हणजे तंबाखू आणि गुळाची ओली मशेरी, तोंडात असली की बोलता येत नाही. त्यांनी मानेनेच बसा म्हटलं. भुऱ्याने वेढ्यात डोकं घातलं आणि तेवढ्यात माझा मोबाईल वाजला. साहेबांचा फोन.

"कुठे आहात?"

"मुर्रीला, सर. कुत्र्याला हार्नेस घालतोय."

"कामठ्याला लोक बैल घेऊन उभे आहेत, आणि तुम्ही कुत्र्याला कपडे घालताय?"

साहेब बराच वेळ बोलत राहिले. मी फोन खांद्याने कानाशी दाबून 'हो सर, हो सर' करत होतो. हात आपलं काम करत होते. फोन बंद झाला तेव्हा खाली पाहिलं, तर नाडी बांधून झाली होती. भुऱ्या शेपूट हलवत ताटली चाटत होता.

माझा जीव भांड्यात पडला. त्याची पाठ थोपटत मी म्हणालो, "बघ, काही नाही होत."

भुऱ्या पट्ट्यासकट खाटेखाली गेला.

तेव्हा कुठे माझ्या डोक्यात प्रकाश पडला. तीन आठवडे प्रत्येक सुईआधी, चिमट्याने ओढलेल्या प्रत्येक अळीआधी मी हेच म्हणत आलो होतो. आम्हाला तो धीर वाटत होता. त्याच्या लेखी ती 'आता दुखणार' अशी सूचना होती.

सुमनबाई चूळ भरून आल्या. मी हे त्यांना सांगितलं, तशा त्या उंबऱ्यावरच बसल्या.

"म्हणजे मी भेववून राहिली होती त्याले?" डोळे भरले त्यांचे. "मले वाटे, मायं आयकून त्याले बरं वाटत असन."

"तुम्ही माझं ऐकून म्हणायला लागलात, बाई. चूक माझी."

संध्याकाळी शिबिरावरून परतताना पुन्हा गेलो. आम्ही दोघांनी तोंडं बंद ठेवून पट्टा पाच वेळा घातला, पाच वेळा काढला. भुऱ्याने कानसुद्धा हलवला नाही.

रविवारी सुनेचा ऑटो दारात आला तेव्हा भुऱ्या पट्टा घालून खांबाला बांधलेला होता. सून दिसताच त्याने झेप घेतली. दोरी ताणली गेली, ताण छातीवर आला आणि तो दोन हात अलीकडेच थांबला. मी आधी गळा पाहिला. कातडी शाबूत होती.

दिलीप त्याच्याजवळ गेला, काही बोलणार तेवढ्यात सुमनबाई म्हणाल्या, "बोलू नोको त्याच्याशी."

तो मुकाट्याने खाली बसला. त्याचा हात भुऱ्याच्या गळ्यावर, जिथे केस उगवले नव्हते तिथे गेला आणि तिथेच राहिला. मग तो आईला म्हणाला, "राहू दे त्याले घरीच."

त्यानंतर नोकरीत असेपर्यंत मी सुई न बोलता टोचली. जनावरं पूर्वीइतकीच तडफडली, पण पुढच्या खेपेला नुसत्या माझ्या आवाजाने पळाली नाहीत. मालकांनी मात्र साहेबांकडे तक्रार केली, की हा डॉक्टर मुक्या जनावराशी दोन शब्द प्रेमाने बोलत नाही.