आंबलेला रस

आमच्या चर्चमध्ये प्रभुभोजनात प्रत्येकाला घोटभर देतात तो द्राक्षारस विकत आणत नाहीत. तासगावचे बेदाणे भिजवायचे, उकळायचे, फडक्यातून पिळून गाळायचे आणि गार झाला की रस स्टीलच्या डब्यात भरायचा. तो ताजाच लागतो. दारूचा थेंबही चालत नाही, कारण मंडळीतल्या निम्म्या घरांनी दारूपायी भांडीकुंडी विकलेली आहेत. महिन्याच्या पहिल्या रविवारचा हा रस चौदा वर्षं मी करत होते. एकदाही बिघडला नाही, हे कुणी विचारलं नसतानाही मी सांगत असे.

माझ्या धाकट्या जावेला हे काम हवं होतं. ती तोंडाने कधी म्हणाली नाही. फक्त दर वेळी पेला ओठाला लावून झाला की म्हणायची, "अक्का, या बारीला जरा पातळ झालाय का?"

गेल्या एप्रिलमध्ये भाचीचं लग्न साताऱ्याला होतं. गुरुवारी निघून शनिवारी उशिरा परतायचं, म्हणून रस बुधवारीच उरकला. पुरेल की नाही अशी शंका आली, तेव्हा बेदाणे भिजवलेलं कच्चं पाणी वरून ओतलं. फ्रिज लग्नाच्या लाडवांनी भरलेला होता, म्हणून डबा ओट्यावर ठेवून त्यावर ओलं फडकं टाकलं. सांगलीचा एप्रिल आणि ओलं फडकं! शाळेत आठवीपर्यंत विज्ञान शिकवणाऱ्या बाईने हे केलं.

रविवारी सकाळी चर्चच्या फाटकाशी धाकटे दीर उभे होते. फौजेतून पेन्शनीवर आलेला माणूस. अकरा वर्षांपूर्वी मंडळीसमोर उभं राहून दारू सोडली, ती सोडलीच. माझ्या स्कूटरवरून डबा उतरवून आत नेण्याचं काम त्यांचं. त्या दिवशीही त्यांनी नेला. नेहमी एखादी थट्टा करतात, ती मात्र केली नाही.

मागच्या खोलीत मी छोटे पेले भरायला घेतले. फेस आला. चमचाभर चाखला, तर जिभेला मुंग्या आल्या. दुसरा चमचा खात्री करण्यासाठी घेतला. तिसरा का घेतला ते सांगता येणार नाही.

पहिला विचार आला तो पाणी घालण्याचा. प्रभूने पाण्याचा द्राक्षारस केला होता. मी उलटा चमत्कार करायला निघाले होते. पण पाणी घातल्याने आंबलेलं काही गोड होत नाही, हे इडलीचं पीठ दळणाऱ्या कुठल्याही बाईला ठाऊक आहे. तेवढ्यात बाहेर गीत सुरू झालं. मी पेले भरले, वर पांढरं कापड घातलं, ट्रे पुढच्या मेजावर ठेवला आणि बाकावर जाऊन बसले.

पाळकसाहेब वयाने माझ्या मुलाएवढे. त्या दिवशी त्यांचा विषय होता एदेन बाग आणि माणसाची मोकळी इच्छा. देवाने झाड दाखवलं, खाऊ नका म्हणाला, पण झाडाभोवती कुंपण घातलं नाही. निवड माणसावर सोडली. मला हे कधीच पटलेलं नाही. आमच्याकडे घड भरले की बागायतदार बागेवर जाळी टाकतो. पाखराला प्रवचन देत बसत नाही. पुढे पाळकसाहेब म्हणाले, आदामाने बायकोवर ढकललं, बायकोने सापावर. मी तोवर भाचीवर, फ्रिजवर आणि लाडू पाठवणाऱ्या व्याह्यांवर ढकलून मोकळी झाले होते.

अडचण एकच होती. दीर तिसऱ्या बाकावर बसले होते आणि ट्रे त्यांच्यासमोरून जाणार होता.

त्यांच्या कानात सांगावं, "भाऊजी, आज घेऊ नका," हा सोपा मार्ग. पण आमच्याकडे पेला नाकारला की त्याचा अर्थ ठरलेला असतो. मनात पाप आहे, कबुली बाकी आहे. त्यात दारू सोडलेल्या माणसाने पेला नाकारला, तर उपासना संपायच्या आत बातमी गावभर होते. माझा डबा आंबला आणि इज्जत त्यांची जाणार. कुंपण नव्हतं. असतं, तर बरं झालं असतं.

पाळकसाहेबांनी कापडाला हात लावला आणि मी उठले.

"पाळकसाहेब, थांबा. रस आंबलाय. मी बुधवारीच केला, कच्चं पाणी घातलं आणि मघाशी चाखून गप्प बसले."

सगळे बाक माझ्याकडे वळले. देवासमोर कुणीही स्वतःच्या कामाच्या जोरावर नीतिमान ठरत नाही, असं काही तरी पाळकसाहेबांनी म्हणायला हवं होतं. ते म्हणाले, "मग आता काय करायचं?"

तेव्हा धाकटी जाऊ उठली. पिशवीतून तिने थर्मास काढला.

"ह्यो घ्या. काल सांजच्याला केलाय. आटवून घट्ट हाय, पानी घालून पुरवा."

"तू कशाला केला होतास?" मी तिथेच विचारलं.

"दर महिन्याला करते, अक्का. नऊ वर्सं झाली. लागला तर असावा."

नऊ वर्षं ती माझ्या चुकीची वाट पाहत थर्मास वाहत होती! मागून कुणी तरी हसलं, मग सगळेच हसले. पाळकसाहेबांनी डोकं खाली घातलं. प्रार्थनेसाठी होतं असं मी धरून चालते. दोन बायकांनी पेले विसळले. ट्रे फिरला. दिरांनी सगळ्यांसारखा पेला घेतला. मीही घेतला. रस चांगला झाला होता, आणि ते गिळायला मला रसापेक्षा जास्त वेळ लागला.

बाहेर कडुलिंबाखाली रिकामा डबा स्कूटरला अडकवताना दीर म्हणाले, "वैनी, मला सकाळीच वास आलता. डबा उचलला तवाच."

"मग बोलला का नाहीत?"

"बोललो असतो तर म्हनले असते, ह्याला बरा वास कळतो."

"ट्रे पुढे आला असता तर घेतला असता?"

त्यांनी डब्याची कडी दोनदा ओढून पाहिली. "ठरवलं न्हवतं," ते म्हणाले. "लय वास येत हुता, वैनी. तुमी उठला, सुटलो."

एवढं बोलून ते बायकोला हाक मारायला गेले. ती फाटकात तीन बायकांना बेदाणे किती आटवायचे ते समजावून देत होती.

आता रस तीच करते. या बारीला जरा पातळ झालाय, हे मी अजून म्हटलेलं नाही, पण ओठांवर येतं. आणि थर्मासचं विचाराल तर, गेल्या महिन्यात मीही एक भरून नेला होता. घट्ट केला होता.