मामांचं चॉकलेट आणि माझी शेंग

मे महिन्यात नागपूरला जाऊ नये, हे शहाण्याला सांगावं लागत नाही. मी ऐंशी सालच्या सुमाराला पुण्याहून गेलो, तो मामांसाठी. छातीत धडधड होते म्हणून डॉक्टरांनी त्यांचा चहा, कॉफी आणि जीव की प्राण असलेली चॉकलेट बर्फी एकदम बंद केली होती. त्या रागात मामांनी जेवणही निम्म्यावर आणलं होतं.

जहाजावरच्या एका मित्रानं मला कॅरोब पावडरचा डबा दिला होता. परदेशातल्या एका झाडाच्या शेंगांचा गर भाजून केलेली पूड. दिसायला कोको, पण कोकोतलं धडधड वाढवणारं द्रव्य नाही. "अगदी चॉकलेट खाऊ घालतो," असं मी मामांना कळवूनही टाकलं.

वर्धा ओलांडलं की खिडकी लावून घ्या, वारा भाजतो. सुरई जवळ हवीच. स्टेशनवरून मामांच्या महाल पेठेत जायला सायकलरिक्षा मिळते, पण भाडं आधी ठरवा. मी ठरवलं नाही.

"काहून आला गा एवढ्या उन्हात?" दार उघडत मामी म्हणाली.

इतवारीच्या बाजारातून खवा आणला. मामीचं माप कोकोच्या बर्फीचं: कोको कडू, म्हणून साखर सढळ. कॅरोब मुळातच गोड असतो, हे मित्रानं बजावलं होतं. पण मला अक्कल वाटायची हौस, घ्यायची नाही; मी मामीच्याच मापानं साखर ओतली. चव बघायला चमचा उचलला, तर मामी ओरडली, "उष्टं नको करू गा! आधी देवाले दाखवू."

नैवेद्य झाला. देवानं तक्रार केली नाही. मामांनी केली.

"चॉकलेट आहे हे?"

"अगदी तेच!"

"मले येडा समजून राहिला का? चॉकलेट आधी जिभेले कडू लागते, मग गोड. हे तर पहिल्यापासून गोडगोड बोलून राहिलं, तुझ्यासारखं."

तुकडा ताटात ठेवून ते कूलरसमोर जाऊन बसले. आजारी माणसाला आशा लावून मी तोंडघशी पाडलं होतं. फार वाईट वाटलं. रात्री कबूल केलं, ही एका शेंगेची पूड.

दुसऱ्या दिवशी चहाच्या वेळेला मामा घरभर फेऱ्या मारू लागले. मग मामीला म्हणाले, "याची ते शेंग दुधात टाक वं. साखर नको. अन् चॉकलेट म्हणू नको."

कप रिकामा करून ते म्हणाले, "चांगलं आहे की गा! मग चॉकलेट काहून म्हणत होता?"

संध्याकाळी त्यांनी दुसरी पोळी मागून घेतली. मामी माझ्याकडे बघून हसली, आणि माझा जीव भांड्यात पडला.

डबा महालातच राहिला. बर्फी मात्र मामीनं सगळी माझ्याबरोबर बांधून दिली. पुण्यात बायकोनं एक तुकडा तोंडात टाकला आणि चावायची थांबली.

"काय आहे हे?"

"अगदी चॉक..." जिभेवर आलंच होतं.

"शेंग आहे," मी म्हणालो. "साखर माझी जास्त झाली."